पाळीच्या कळा आणि पी.टी.चा तास: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी मुलींना शारीरिक शिक्षण शिकवते. नववी-दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर ओढणीचा बोळा पोटाशी दाबून बसलेली एखादी मुलगी हमखास दिसते. "बाई, तिच्या पोटात दुखतंय," हे मैत्रीण सांगते, ती स्वतः नाही. मग तिला मैदानाच्या कडेला बसवायचं किंवा घरी धाडायचं, एवढाच उपाय शाळेला ठाऊक असतो.

या कळा खऱ्या असतात. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी गर्भाशय जोरात आवळतं आणि त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात आठवड्यातून तीनदा, ४५ ते ६० मिनिटं व्यायाम केल्याने दुखणं बरंच कमी होत असल्याचं दिसलं. योगही त्यात होता. पुरावा अजून भक्कम नाही, हेही त्यात नमूद आहे. पण यात धोका फारसा नाही आणि खर्च म्हणाल तर एका सतरंजीचा.

मी मार्जारासन घेते. हात-गुडघे टेकायचे, श्वास घेताना पाठ खाली सोडायची, श्वास सोडताना वर उचलायची. मग भुजंगासन, शशांकासन. सगळ्यात जास्त वेळ श्वासावर देते, कारण कळ येणार या धास्तीनेच मुली श्वास रोखतात, दात आवळतात, ओटीपोट आणखी ताठ होतं. श्वास सावकाश सोडायला जमलं की खांदे उतरलेले दिसतात. मात्र हे महिनाभर करायचं असतं, फक्त दुखत असताना नाही.

इथेच घोडं अडतं. पोर्शन राहिला की पहिला बळी पी.टी.च्या तासाचा, दहावीत तर विचारूच नका. २१ जूनला, योगदिनी, आम्ही मैदानभर आसनं करतो, २२ला त्याच तासाला गणित!

साहेब, मुलींचे आठवड्याचे तीन तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाहीत, असं परिपत्रक काढा. दार लावता येईल अशी एक खोली आणि गरम पाण्याची पिशवी प्रत्येक शाळेत असू द्या. आसनं औषधाला पर्याय आहेत, असं मात्र कुठे लिहू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायला हरकत नाही. आणि गोळीनेही न थांबणारं, महिन्यागणिक वाढणारं दुखणं एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं असू शकतं. अशी मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पोहोचलीच पाहिजे, हे वर्गशिक्षकांच्या प्रशिक्षणात घाला.

वेळापत्रकं जूनमध्ये ठरतात. परिपत्रक त्याआधी यावं.

आपली,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका