जयसिंगपूरच्या चावीवाल्या दादांना, बाबांच्या वतीनं

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते तुम्हाला चालेल का हे विचारायचं राहून गेलं. पण वाचलंत तर लगेच ओळखाल. नरसोबाच्या वाडीत पार्किंगमध्ये पांढऱ्या गाडीच्या सावलीला पेपर अंथरून बसलेले सातारचे आजी-आजोबा, आणि फोन कानाला लावून येरझाऱ्या घालणारी त्यांची मुलगी. ती मी.

त्या दिवशी मी तुमचे पैसे दिले, घाईत 'थँक्यू' म्हटलं आणि तुम्ही पुढच्या कामाला निघालात. एवढ्यानं माझं समाधान झालेलं नाही. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते तुम्हाला नीट सांगायला हवं.

पौर्णिमा होती, त्यात रविवार. दर्शन झाल्यावर बाबा घाटाच्या खालच्या पायरीवर तांब्यात पाणी घ्यायला वाकले आणि सदऱ्याच्या खिशातली चावी सरळ कृष्णेत गेली. पाणी गढूळ. घाटावरच्या दोन पोरांनी बुड्या मारून पाहिल्या, हाताला गाळच लागला. गाडी आम्ही वापरलेली घेतली आहे, तिच्याबरोबर चावी एकच मिळाली होती. आईची बीपीची गोळी, जेवणाचा डबा, सगळं आत. काचेतून दिसत होतं, पण हात पोचत नव्हता.

बाबांचा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. सातारा डेपोतून निवृत्त झाले तेव्हा एकही अपघात नावावर नव्हता. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी असे सगळे घाट त्यांनी रात्री-अपरात्री उतरवलेत. आणि त्या दुपारी पार्किंगमध्ये एका गृहस्थानं, बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे असताना, मला मोठ्यानं विचारलं, "या वयात यांच्या हातात चाव्या द्यायच्याच कशाला?" मी त्याला बोलायचं ते बोलले. पण बाबांनी ते ऐकलं होतं. ते पेपरवर जाऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. आईनं पाणी पुढं केलं तर नको म्हणाले.

गाडीच्या कंपनीच्या हेल्पलाइनवर मी सांगितलं की म्हातारी माणसं बरोबर आहेत, औषधं गाडीत अडकलीत. तिकडून एकच उत्तर : गाडी टो करून वर्कशॉपला आणा, चावी मागवावी लागेल, दोन-तीन आठवडे धरून चाला. टो करायला कोण येणार, कधी येणार? "आपली तक्रार नोंदवली आहे." पुन्हा फोन केला, दुसरा आवाज, तेच वाक्य. मग एक चावीवाला मिळाला. गाडी कुणाची, कागद कुठं आहेत, हे त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. आकडा मात्र सांगितला, आणि आईच्या गोळीचं कानावर पडताच तोच आकडा दुप्पट केला. माणूस अडलाय हे कळल्यावर भाव वाढवणाऱ्याला मी आजही माफ करू शकत नाही.

तुमचा नंबर पेढ्यांच्या दुकानातल्या काकूंनी दिला. तुम्ही फोनवर पहिलं काय विचारलंत आठवतंय? "मावशी-काका सावलीत हायत न्हवं?" मग गाडीचं मॉडेल, साल, रिमोटची चावी की साधी. एकच आकडा सांगितलात आणि म्हणालात, "काच फोडू नका, बॅटरीची वायर काढू नका. आलोच बघा."

आणि आलात. आल्याबरोबर, "ताई, राग मानू नका," म्हणत आरसी दाखवायला सांगितलीत. मूळ कागद गाडीत होते, म्हणून मोबाइलमधली बघितलीत, माझं आधार कार्ड बघितलंत, काचेतून चासी नंबर ताडून घेतलात. राग कसला? त्या क्षणी जिवात जीव आला. माझी गाडी इतकी तपासून उघडणारा माणूस दुसऱ्या कुणाची गाडी चोरासाठी उघडणार नाही, एवढं कळलं.

दार उघडल्यावर तुम्ही आधी औषधाची पिशवी काढून आईच्या हातात दिलीत. इथपर्यंतही, खरं सांगते, मी तुम्हाला हुशार आणि भला कारागीर म्हणूनच पाहत होते. पुढचं मात्र मला विसरता येणार नाही.

तुम्ही चावीचं पातं कापायला घेतलंत आणि बाबांना हाक मारलीत. "काका, या की हिकडं. जरा बघा." बाबा उठेनात. तुम्हाला कुठून कळलं, कुणी सांगितलं, मला माहीत नाही, पण तुम्ही म्हणालात, "एसटीचं ड्रायव्हर हाय म्हणं तुम्ही. मग तुम्हाला समजंल त्ये."

बाबा टोपी घालून उठले.

मग तुम्ही त्यांना सगळं दाखवलंत. गिऱ्हाइकाला गप्प करायला सांगतात तसं नाही, एका जाणकारानं दुसऱ्या जाणकाराला सांगावं तसं. नुसतं पातं जुळलं तर दार उघडतं, पण इंजिन चालू राहत नाही. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही, सेल फक्त रिमोटच्या बटणांसाठी. स्टार्टरच्या कुलपाभोवती जे कडं असतं, त्यातून चिपला ताकद मिळते आणि ती आपला कोड गाडीला सांगते. कोड ओळखीचा निघाला तरच गाडी इंजिनाला परवानगी देते. स्टिअरिंगखाली मशीनची वायर जोडून तुम्ही डॅशबोर्डवरचा लुकलुकणारा दिवा त्यांना दाखवलात. "ह्यो विझला की समजायचं, गाडीनं चावी वळखली." बाबा चष्मा सावरून वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "आणि नदीतली चावी उद्या कुणाला घावली तर?" त्यावर तुम्ही म्हणालात, "लाखातलं इचारलंसा काका. ती गाडीच्या मेमरीतनं पुसून टाकलीया. दार उघडंल, पण गाडी न्हाई चालू व्हायची." बाबांच्या प्रश्नाचं कौतुक झालं, आणि त्या दुपारी पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

दिवा विझला. मी हात पुढं केला होता. पैसे मी देणार, फोन मी केलेले, चावी माझ्याच हातात येणार असं मी धरून चालले होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंतसुद्धा नाही. चावी सदऱ्याला पुसलीत, दोन्ही हातांनी बाबांपुढं धरलीत आणि म्हणालात, "काका, तुम्हीच मारा स्टार्टर."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाबांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला, पण बोलता आलं नाही त्यांना. तुम्हीच म्हणालात, "नदीत चाव्या सगळ्यांच्याच पडत्यात काका. आमचं प्वाट त्याच्यावरच हाय."

दादा, त्या गृहस्थाचं वाक्य बाबांच्या मनात किती खोल गेलं असतं, हे मी मुलगी म्हणून सांगू शकते. आमच्या शेजारी एक काका आहेत. एकदा गाडी खांबाला घासली, मुलांनी चावी काढून घेतली, आणि त्या दिवसापासून ते अंगणातच बसतात. बाबांचंही तसंच झालं असतं. चावी माझ्या हातात दिली असती तरी तुमचं काम पुरंच होतं, कुणी नाव ठेवलं नसतं. मलासुद्धा ते सुचलं नव्हतं. चांगुलपणा म्हणजे मोठी देणगी, मोठा त्याग, असं आपण समजून बसतो. पण हातातलं काम करता करता, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या माणसाकडं ज्याचं लक्ष जातं, तो माणूस मला फार मोठा वाटतो. पंक्चर काढणारे, वायरमन, रात्री दुकान उघडून औषध देणारे, असे कितीतरी जण आपल्या आसपास आहेत. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, हे मला खुपतं.

येताना कराडपर्यंत बाबांनीच गाडी चालवली. पुढं अंधार पडल्यावर स्वतःहून माझ्याकडं दिली. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते चिप कशी चालते ते समजावून सांगतात. दुसरी चावीही तुमच्याकडूनच करून घ्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलंय, सातारला कितीही चावीवाले असोत. कवठाची बर्फी तुम्हाला आवडते का, हेही विचारायला सांगितलंय.

आणि एक. ही हकिगत ऐकून ओळखीचे लोक तुमचा नंबर मागतायत. तुम्हाला विचारल्याशिवाय मी तो कुणालाच दिलेला नाही. चालत असेल तर एक मिस्ड कॉल द्या, मग देते.

तुमची,
वाडीच्या पार्किंगमधली ताई