मुग्धाच्या पिनेबद्दल

प्रिय सुनंदा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तब्येत ठीक, गुडघे तेवढे कुरकुरतात. आज बसले ती मुग्धाच्या पिनेमुळे. ‘पतंगासारखं काळं-सोनेरी ब्रोच, साडीवर शोभेल’ असं तू लिहिलंस आणि मला राहवेना. अगं, तो कॅपा अल्फा थीटाचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या ग्रीक अक्षरी नावाच्या संघाचा बिल्ला आहे! पदर टाचायला घेशील तर याद राख.

इंडियानातल्या ग्रीनकॅसलच्या अ‍ॅस्बरी कॉलेजनं, म्हणजे आजच्या डीपॉ विद्यापीठानं, १८६७ मध्ये मुलींना प्रवेश दिला. बेटी लॉक त्या पहिल्या मुलींतली. वडील तिथेच गणिताचे प्राध्यापक. फाय गॅमा डेल्टा या मुलांच्या संघातल्या एकानं तिला आपली पिन लावायला सांगितलं. ती म्हणाली, दीक्षा देऊन पूर्ण सभासद करणार असाल तरच. मुलांनी ते नाकारलं आणि वर चांदीची केकची परडी भेट दिली! मुग्धा परडीची गोष्ट हौसेनं सांगते आणि अट गाळते, हीच माझी काळजी. अट गेली तर नुसती भेटवस्तूची गंमत उरते. बेटीनं अ‍ॅलिस अ‍ॅलनबरोबर सभेचे नियम, ग्रीक इतिहास, कुलचिन्हं असा अभ्यास केला आणि मुलींच्या स्वतःच्या संघाची, म्हणजे थीटाची, घटना लिहिली. २७ जानेवारी १८७० ला आरशासमोर उभी राहून तिनं आधी स्वतः शपथ घेतली, मग अ‍ॅलिस, बेटी टिप्टन आणि हॅना फिच यांना दिली. चौघीच होत्या गं!

आता पीन बघ. काळ्या मिन्यावर दोन तारे, पांढऱ्या पट्टीवर संघाची तीन अक्षरं. खाली आणखी तीन: अल्फा, ओमेगा, ओमिक्रॉन. मुग्धाला ते गुप्त ब्रीद वाटतं. जुन्या ग्रीक पद्धतीनं ते आकडे आहेत, १०००, ८०० आणि ७०, म्हणजे स्थापनेचं साल. फूल काळं-सोनेरी पॅन्सी. पीन लावायची डावीकडे, हृदयावर.

तू म्हणशील, पाय बीटा फाय ही मुलींची दुसरी संघटना थीटाच्या आधीची. २८ एप्रिल १८६७, मॉनमाउथ कॉलेज, बारा जणी, बिल्ला सोनेरी बाणाचा, सगळं मान्य. पण तेव्हा नाव आय. सी. सोरोसिस होतं, ग्रीक नाव १८८८ मध्ये अधिकृत झालं. ग्रीक अक्षरांत पहिली थीटाच. हॉस्टेलपासून यावर चहा गार करतोय आपण, मी हटणार नाही.

घराचं रंगकाम संपलं का? भाऊजींना नमस्कार. मुग्धाला हे पत्र पूर्ण वाचायला दे, अटीचा भाग दोनदा.

तुझी,
वसुधा