आमच्या गावची टीम कुठून कुठून आली

ॲबट्सफर्ड, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा
ऑगस्ट 2025

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ॲबट्सफर्ड कनक्स ही आइस हॉकीची टीम गावात येऊन चार वर्षं झाली नाहीत तोवर ती 'आमची' कशी झाली, हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही. म्हणून सवडीने लिहायला बसले. चहा घेऊन वाचा, लांबण लागणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इथे टीम हा आधी एक कागद असतो. लीगमध्ये खेळायचा परवाना, फ्रँचायझी म्हणतात ती. तो मालकाच्या खिशात. दुसऱ्या गावात धंदा बरा होईल असं दिसलं की मालक कागद उचलतो आणि चालू पडतो. उद्या कुणी आपल्या कोल्हापूरच्या पाटाकडीलची फुटबॉल टीम विकत घेऊन इचलकरंजीला नेली, नाव बदललं, जर्सीचा रंग बदलला, तर शाहू स्टेडियमवर काय होईल ते तुम्हाला मी काय सांगणार! इथे मात्र हे राजरोस चालतं. त्यातून आमची लीग धाकटी. वर एनएचएल या इथल्या आइस हॉकीच्या सर्वात मोठ्या लीगच्या 32 टीम, आणि त्यांच्यासाठी पोरं तयार करायला खाली एएचएल या आमच्या लीगच्या 32. ॲबट्सफर्ड कनक्स ही व्हँकुव्हर कनक्सची धाकटी टीम. धाकट्यांची गावं तर फारच बदलतात.

आमचा कागद निघाला खंडाच्या पार दुसऱ्या टोकाहून, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डहून. टीमचं नाव स्प्रिंगफील्ड इंडियन्स. आपला काही संबंध नाही हं, नाव इथल्या मूळ रहिवाशांवरून. 1939 साली ती एडी शोअरने विकत घेतली. हा माणूस बॉस्टन ब्रुइन्स या एनएचएल टीमचा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, एनएचएलमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून चारदा हार्ट ट्रॉफी मिळवलेला. खेळाडू म्हणून वाघ, मालक म्हणून तुम्ही पाहिला नसेल असा चिक्कू आणि विक्षिप्त.

टीम हलवायची सवयही याच्यापासूनची. 1942 मध्ये युद्धासाठी लष्कराने स्प्रिंगफील्डचं कोलिझियम ताब्यात घेतलं, तर शोअर आपले खेळाडू घेऊन बफेलोला गेला आणि 1943 आणि 1944 असे दोन कॅल्डर कप (म्हणजे एएचएलचं विजेतेपद) तिथे जिंकून परत आला. पुढे 1951 ला त्याने टीम सिरॅक्यूजला नेली, नाव ठेवलं वॉरियर्स. तीन वर्षांत तिथेही जमेना, मग पुन्हा स्प्रिंगफील्ड. आणि आबा, त्यानंतर 1960, 61 आणि 62 असे ओळीने तीन कप! ओळीने तीन एएचएलमध्ये आजतागायत दुसऱ्या कुणाला जमलेले नाहीत.

शोअरच्या गोष्टी इथले जुने लोक अजून चवीने सांगतात. गोलकीपर बर्फावर लोळण घेतो म्हणून त्याला गोलच्या वरच्या दांडीला दोरीने बांधून सराव करवायचा. जे खेळाडू संघात बसत नसत त्यांच्याकडून रिंक, म्हणजे खेळायचं सभागृह, झाडून घ्यायचा, पॉपकॉर्न विकायला लावायचा. हसू येतं, पण ज्यांच्या पोटावर पाय येत होता त्यांना काय वाटत असेल! शेवटी डिसेंबर 1966 मध्ये त्याने तीन डिफेन्समनना 'मन लावून खेळत नाहीत' म्हणून बिनपगारी घरी बसवलं आणि बाकीच्या पोरांनी स्केट घालायलाच नकार दिला. सरळ संप. ब्रायन किलरे नावाचा खेळाडू पुढे झाला, टोरांटोहून ॲलन ईगलसन नावाचा वकील बोलावला. शोअरला कारभार सोडावा लागला. त्याच जोरावर जून 1967 मध्ये एनएचएलच्या खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि ईगलसन तिचा कर्ताधर्ता झाला. (हाच ईगलसन 1998 मध्ये खेळाडूंच्याच पैशांच्या भानगडीत तुरुंगात गेला. चोराच्या हातून सुटून वकिलाच्या हाती, दुसरं काय.) मला विचाराल तर त्या गावाने जिंकलेल्या सगळ्या कपांपेक्षा हा संप मोठा. पण त्याचं बॅनर कुणी लावत नाही.

मग टीम लॉस एंजेलिस किंग्जच्या पंखाखाली गेली, स्प्रिंगफील्ड किंग्ज झाली, 1971 चा कप घेतला. 1975 ला पुन्हा इंडियन्स, पुन्हा कप. 1990 आणि 1991 ला आणखी दोन. असे सात कप घरात असताना 1994 मध्ये नव्या मालकाने टीम शेजारच्याच वूस्टरला नेली. कप जिंकल्याने गल्ला भरतोच असं नाही ना!

इथून पुढे प्रवास भराभर. वूस्टरमध्ये आइसकॅट्स, सेंट लुईस ब्लूजची धाकटी टीम. 2005 मध्ये ब्लूजना पोरं जवळ हवी झाली, म्हणून इलिनॉयमधलं पिओरिया. 2013 मध्ये व्हँकुव्हरने ती विकत घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला बसवली, नाव युटिका कॉमेट्स. युटिकाचं सभागृह जुनं, चार हजारही माणसं मावत नाहीत, पण गावाने टीम अशी डोक्यावर घेतली की काही विचारू नका. 2015 मध्ये ती फायनललाही पोचली.

अडचण अंतराची होती. व्हँकुव्हरमध्ये कुणाचा गुडघा दुखावला की युटिकातल्या पोराने पूर्ण खंड ओलांडून यायचं, आणि सामना संध्याकाळी. त्यात कोविडमध्ये सीमा बंद. म्हणून 2021 मध्ये टीम आणली व्हँकुव्हरपासून सत्तरेक किलोमीटरवर, म्हणजे आमच्याकडे. पण युटिका बघा कसं वस्ताद! कागद गेला तरी त्यांनी नाव सोडलं नाही. न्यू जर्सी डेव्हिल्सची टीम त्याच वर्षी बिंगहॅमटनहून तिकडे आली आणि कॉमेट्स नावानेच खेळू लागली. म्हणजे कागद आमच्याकडे, कॉमेट्स त्यांच्याकडे, आणि एएचएलच्या टीमविना राहिलं ते बिचारं बिंगहॅमटन.

आम्हीही काही कोरे नव्हतो. 2009 मध्ये गावाने सात हजार खुर्च्यांचं नवं सभागृह बांधलं आणि टीम आणली ती कुणाची, तर कॅल्गरीची! व्हँकुव्हरचं आणि कॅल्गरीचं हाडवैर. वैऱ्याच्या पोरांना टाळ्या वाजवायला तिकीट काढून कोण जाणार? त्यातून नगरपालिकेने मालकाला वर्षाला 57 लाख डॉलरच्या उत्पन्नाची हमी लिहून दिलेली. खुर्च्या रिकाम्या, तूट गावाच्या बोडक्यावर. दहा वर्षांचा करार पाच वर्षांत मोडला आणि मोडायलाही 55 लाख मोजले. आमच्या घरमालकीणबाई घरपट्टीचं बिल आलं की अजून त्या टीमचा उद्धार करतात.

त्यामुळे व्हँकुव्हरची टीम आली तेव्हा लोकांना ती परकी वाटलीच नाही. तशीच निळी-हिरवी जर्सी ही माणसं आधीपासून घालत होती. इथे पंजाबी वस्ती किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. हॉकीचं पंजाबीतून समालोचन तर इथल्या टीव्हीवर 2008 पासून चालतं. मॅचला आमच्या पुढच्या रांगेत एक सरदारजी नातवाला घेऊन बसतात. पक (खेळायची रबरी चकती) काचेवर आदळला की पोरगं दचकतं, आणि आजोबा त्याच्या पटक्यावर हात ठेवून ऑफसाइड समजावत राहतात. टीममध्ये अर्शदीप बैन्स, शेजारच्या सरेचा पोरगा. कोच मॅनी मल्होत्रा, त्याचे वडील भारतातले. 23 जूनला अमेरिकेतल्या शार्लटमध्ये फायनलची सहावी मॅच 3-2 ने जिंकून यांनी कॅल्डर कप घेतला, तेव्हा गुरुद्वाऱ्यात जाणारे आणि चर्चमध्ये जाणारे सगळे एकाच आवाजात ओरडत होते. मी फोन केला तो त्याच रात्रीचा.

स्प्रिंगफील्डचे सात कप मात्र आमच्या खात्यात कुणी धरत नाही. आमचा हा पहिलाच म्हणायचा. पण एक गंमत सांगते. प्लेऑफमधला, म्हणजे कपासाठीच्या शेवटच्या फेऱ्यांमधला, सर्वोत्तम खेळाडू ठरला आमचा लॅटव्हियन गोलकीपर आर्टुर्स शिलोव्ह्स. त्याला जी ट्रॉफी मिळाली ती जॅक बटरफील्डच्या नावाची. हा बटरफील्ड कोण, तर एडी शोअरचा भाचा! मामाच्या हाताखाली स्प्रिंगफील्डचा कारभार बघितला आणि पुढे पूर्ण लीगचा अध्यक्ष झाला. ट्रॉफी देताना तिथल्या किती जणांच्या हे डोक्यात आलं असेल, देव जाणे. शिलोव्ह्स जुलैतच पिट्सबर्गला गेला. कप आणून देणारा गोली महिनाभरही टिकला नाही, आणि गावात कुणाला त्याचं फारसं नवलही वाटलं नाही.

नवा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो. तुम्ही डिसेंबरात याल तेव्हाची शनिवारची तिकिटं बघून ठेवते. आत गारठा असतो, तेव्हा कानटोपी हवीच, नंतर कुरकुर चालणार नाही. पाटाकडील आणि दिलबहारचं यंदा काय चाललंय ते सविस्तर कळवा, व्हॉट्सॲपवर नुसता स्कोअर नको.

आईला सांगा, कांदा-लसूण चटणी दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत ठेवायची, हातातल्या बॅगेत नको. बाकी सगळे मजेत.

तुमची,
थोरली