पँथिऑनमधला कवडसा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी रोममध्ये खुशाल आहे. परवा फोनवर पँथिऑनबद्दल, म्हणजे इथल्या प्राचीन रोमन देवळाबद्दल, बोलताना बाबांचा प्रश्न तसाच राहिला: छताला एवढं भोक, मग पावसाचं काय? बाबा, पाऊस सरळ आत येतो. वर काचबिच काही नाही. फरशी मधोमध किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक छिद्रं पाडलेली आहेत, त्यांतून पाणी निघून जातं. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन 126च्या आसपास ही इमारत पुरी झाली, तेव्हापासून हे असंच चाललंय.

खिडकी एकही नाही. एक दार आणि घुमटाच्या माथ्यावर जेमतेम नऊ मीटरचं गोल तोंड, बस्स. एवढ्याशा उजेडात ही प्रचंड जागा अंधारी वाटेल असं मला वाटलं होतं, पण भिंतीचा कोपरान् कोपरा दिसतो. घुमटाचा व्यास 43 मीटर आणि फरशीपासून माथ्याची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा चेंडू बरोबर मावेल. आकडे वाचून हे कळत नाही. मधे उभं राहून मान वर केली की छाती आपोआप भरून येते.

आणि तो कवडसा! आई, तू असतीस तर तासभर हलली नसतीस. सकाळी तो पश्चिमेकडे उंच घुमटात असतो, उतरत उतरत उत्तरेला येतो आणि दुपारनंतर पूर्वेकडे पुन्हा चढतो. घुमटात चौकोनी खाचांच्या पाच रांगा आहेत, प्रत्येकीत 28. मी एकाच खाचेवर नजर लावून बसले. आधी तिच्या पायरीसारख्या कडा एकेक करून उजळल्या, मग तळ, आणि बघता बघता खालची कड पुन्हा सावलीत गेली. सूर्य सरकतो हे शाळेपासून माहीत आहे, पण असं सरकताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाबा, तुमच्यासाठी आणखी एक. काँक्रीट आहे, पण आत लोखंडाची सळई नाही. खाली घुमट सहा मीटर जाड, वर तोंडाशी जेमतेम सव्वा मीटर. खाली जड दगडाची खडी, वर हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड. सळईशिवायच्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही.

इस्तंबूलला आया सोफिया, आधी चर्च आणि आता मशीद असलेली जुनी इमारत, पाहिली होती. तिथे घुमटाच्या बुडाशी 40 खिडक्या आहेत, त्यांच्या उजेडात घुमट खरंच अधांतरी वाटतो. सुंदरच आहे ती. पण तिथे वजन नाहीसं होतं आणि इथे ते सगळं जाणवतं, तरी जीव दडपत नाही. मला पँथिऑनच जास्त भावलं.

तुम्ही दोघांनी हे पाहायलाच हवं. आईच्या गुडघ्यांची काळजी नको, घुमटावर चढायचं नसतं आणि आत बसायला बाकं आहेत. हिवाळ्यात कवडसा घुमटातच राहतो, जूनमध्ये भर दुपारी खाली फरशीवर येतो. म्हणून जूनच धरूया. बाबा, पासपोर्टची मुदत तेवढी बघून ठेवा, बाकीचं मी पाहते.

तुमची लाडकी लेक