रजिस्टरातली अर्धी ओळ

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "पप्पा, आमच्या ओपीडीत जबडा मोडून आलेला प्रत्येक जण नुसता 'पडलो' म्हणतो." तू हसलीस, मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात आलं, की हा शब्द आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कोणी लिहिला असेल, तर तुझ्या बापाने. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतला.

सिव्हिल हॉस्पिटलच्या पोलीस चौकीत मी सहा वर्षं होतो. तू तेव्हा पाचवी ते अकरावीत. तुला एवढंच ठाऊक, की पप्पांची ड्युटी दवाखान्यात असते आणि घरी आल्यावर आई वर्दी वेगळी भिजत घालते. कॅज्युअल्टीतून एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, कागद आला की मी पेशंटच्या उशाशी जाऊन जबाब घ्यायचो. तोंडाला लागलेल्याचा जबाब घेणं अवघड असतं. ओठ सुजलेले, लाळेत रक्त, बोलायला गेलं की कळ. मग अर्धं बोलणं सोबतचा माणूस बोलतो. सोबत कोण आहे त्यावर जबाब ठरतो, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कळून काही केलं नाही.

पुरुषांचं आधी सांगतो. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी मोटारसायकलवाले यायचे. हेल्मेट नसायचंच, असलं तर रस्त्याकडेला मिळतं ते टोपीसारखं, हनुवटी उघडी ठेवणारं. सेंट्रिंगवरून पडलेले यायचे, ऊसतोडीचे गडी यायचे, गुत्त्यावर बुक्की खाल्लेले यायचे. हेही खोटं बोलायचे, पण त्यांचा हिशेब पोटाचा. दारूचा वास कागदावर आला तर अपघाताचा क्लेम अडेल. सेंट्रिंगवाल्याच्या शेजारी मुकादम उभा; 'कामावर पडलो' म्हटलं तर उद्यापासून काम बंद. एकाने मला सांगितलं, घरी जिन्यावरून पडलो. पत्ता लिहून घेताना कळलं, घर म्हणजे पत्र्याची एक खोली. मी जिनाच लिहिला.

एक हमाल अजून डोळ्यांसमोर आहे. वरचे-खालचे दात तारेने बांधलेले, सहा आठवडे पातळ खायला सांगितलेलं. हा पठ्ठ्या आठव्या दिवशी मार्केट यार्डात. चहा बशीत ओतून दातांच्या फटीतून ओढत होता. घरी मिक्सर नव्हता. बायको वरणाचं पाणी आणि ज्वारीची आंबील फडक्यातून गाळून द्यायची. पोतं पाठीवर घेताना आपण दातओठ खाऊन जोर लावतो ना, तेवढंही त्याला नीट जमत नव्हतं. ऑपरेशन करून हाडाला धातूची प्लेट टाकली असती तर दात इतके दिवस बांधावे लागले नसते, हे मला तुझ्याकडून आत्ता कळलं. गरिबांच्या मोफत उपचारांची सरकारी जीवनदायी योजना 2013 च्या अखेरीस राज्यभर झाली होती, तिचीच पुढे महात्मा फुले योजना झाली. पण त्यासाठी लागणारं या माणसाचं रेशनकार्ड गावी, सासऱ्याच्या पेटीत. कार्ड आणायला जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडणार.

आता बायकांचं. मोरीत घसरले, म्हशीने शिंग मारलं, हापशाचा दांडा लागला. तिन्ही कारणं खरीही असतात, हे आधी लक्षात घे. हापशाचा दांडा हातातून सुटून उसळला तर हनुवटी फुटते, पुढचे दात जातात. तसल्या पोरीबाळी मी पाहिल्या आहेत. घरात नळ असता तर त्यांना काही झालं नसतं. म्हणून प्रत्येक नवऱ्याकडे आरोपीसारखं बघू नकोस.

पण दांडा खालून वर येतो. एक बाई आली होती, तिचा डावा गाल आत बसलेला, डावा डोळा लालबुंद. शेजारी नवरा आणि सासू. सासू म्हणाली, हापशाचा दांडा. गालावर दांडा कसा बसेल, असा साधा प्रश्न मी विचारला नाही. रात्रीचे अडीच वाजले होते, बाहेर दोन अ‍ॅक्सिडेंट उभे होते. आमच्या रजिस्टरात कारणासाठी अर्धी ओळ असायची. 'हापशाचा दांडा लागून जखमी, कोणावर संशय नाही.' सात-आठ महिन्यांनी तीच बाई पुन्हा आली, या वेळी जबडा. मी वही उघडली, तर ती हळूच म्हणाली, "साहेब, मागच्यासारखंच लिहा."

मी मागच्यासारखंच लिहिलं, ताई. तुझ्या आईलाही हे सांगितलेलं नाही.

आता कायद्याचं ऐक, कारण ते तुझ्या पेनाशी जोडलेलं आहे. नुसती सूज, खरचटणं म्हणजे साधी दुखापत. ती अदखलपात्र. आम्ही एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहितो, कोर्टात जा म्हणतो. कोर्टाच्या हुकमाशिवाय आम्हाला तपास करता येत नाही. पण हाड किंवा दात मोडला, जागेवरून सरकला, किंवा चेहरा कायमचा विद्रूप झाला, की ती गंभीर दुखापत. तेव्हा दंड संहितेचं कलम 320 आणि 325 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 116 आणि 117 आहे. मग गुन्हा दखलपात्र, म्हणजे एफआयआर घ्यावाच लागतो. सासरच्या छळाचं 498अ होतंच, पण त्यासाठी तिने किंवा तिच्या माहेरच्या कोणीतरी तोंड उघडायला हवं.

म्हणजे बघ, सगळं एका एक्स-रेवर आलं. आमच्याकडे पूर्ण जबड्याचा एक्स-रे निघायचा नाही, 'बाहेरून काढून आणा' सांगायचे. ज्याच्या खिशात पैसे तो काढून आणायचा. ज्याच्याकडे नाहीत त्याच्या कागदावर 'अभिप्राय राखून ठेवला' असं यायचं आणि तो अभिप्राय राखलेलाच राहायचा. हलणारा दात उपटून टाकला आणि लिहिलाच नाही, तर पुरावा बादलीत गेला. कुठला दात, कुठली बाजू, जखम ताजी की जुनी, एवढं लिहीत जा. मारणारा समोर उभा असेल आणि उजव्या हाताचा असेल, तर बुक्की बहुधा डाव्या गालावर बसते, हे तू मला शिकवायला नको, मीच तुला सांगतो.

तिथे एक सीनियर सिस्टर होत्या. त्यांनी कधी भाषण दिलं नाही. एक्स-रेच्या खोलीत नातेवाइकांना घेत नाहीत, किरणं असतात. सिस्टर तेवढ्यात बाईबरोबर स्वतः आत जायच्या. दोन मिनिटं. बाहेर सासू दार न्याहाळत बसायची. त्या दोन मिनिटांत काय बोलणं व्हायचं मला माहीत नाही, पण दोन-तीन वेळा बाई बाहेर आली ती सरळ माझ्या टेबलाकडे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात याच कामासाठी 'दिलासा' केंद्र 2000 च्या सुमारासच सुरू झालं होतं, हे मला रिटायर झाल्यावर वाचायला मिळालं. आमच्याकडे दिलासा म्हणजे त्या सिस्टर.

रिकामा वेळ आहे म्हणून आणखीही वाचतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या सुमारे 29 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्यांनी हिंसा सोसली त्यांतल्या जेमतेम 14 टक्के मदत मागायला गेल्या. गरीब घरांत प्रमाण जास्त आहे, हेही त्यात आहे. पण बंगल्यातली बाई आमच्या चौकीपुढून जातच नव्हती. तिचा फॅमिली डॉक्टर होता, मागचं दार होतं. सहा वर्षांचं माझं रजिस्टर गरिबांचंच होतं.

तू त्या ब्रिटनमधल्या कार्डिफच्या शेफर्ड डॉक्टरांचं सांगितलंस. जबड्याचे सर्जन, आणि मारहाणीच्या कितीतरी केसेस पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत हे त्यांनी दाखवून दिलं. तिथे म्हणे केसपेपर काढतानाच कुठे लागलं, कशाने लागलं विचारतात आणि नावं काढून ती माहिती पोलिसांना देतात. ऐकून बरं वाटलं आणि थोडा रागही आला. आमच्याकडे पोलीस दवाखान्यातच बसवला होता, पंधरा पावलांवर.

एवढ्या गोष्टीसाठी तू हिरोगिरी करावीस असं माझं म्हणणं नाही. नवरा बाहेर बसलेला असताना बाईला बोलायला लावून तिला त्याच्याच घरी परत पाठवलंस, तर त्या रात्रीचं काय, हाही विचार कर. तिला नाही बोलायचं तर नाही. पण तिने सांगितलं ते तिच्या शब्दांत लिही, आणि तुला जे दिसतं ते तुझ्या शब्दांत वेगळं लिही.

आईने तिळाची वडी केली आहे, कुरियर करतो. तुझ्या दातांच्या डॉक्टर मैत्रिणींना चालणार असेल तर जास्त पाठवतो. आणि तुमच्या केसपेपरवर 'कसे लागले' याला किती जागा असते, ते पुढच्या फोनला सांग.

तुझे
पप्पा