आजनी रात राहू द्या : मारहाणीमुळे घर सोडावं लागलेल्या बायांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या खोलीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. निंबाला झोके बांधले जातील, गौराईची गाणी सुरू होतील, मुराळी होऊन भाऊ बहिणीला आणायला निघेल. चोपडा तालुक्यातल्या आम्ही बचत गटाच्या बाया दर आखाजीला एक गोष्ट पाहत आलो आहोत. माहेरी आलेली एखादी लेक झोक्यावर बसत नाही. वैशाखाच्या उन्हातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून घरातच काम करत राहते. घरातल्या सगळ्यांना कारण माहीत असतं आणि विचारत कोणीच नाही.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या एका गटाच्या सचिवताईंचं दार वाजलं. दारात एक बाई, कडेवर दोन वर्षांची मुलगी. रस्त्यावर दीर उभे होते म्हणून ती केळीच्या बागेतून आली होती. साडीभर चिकाचे डाग, पायात एकच चप्पल. ती एवढंच म्हणाली, "माय, आजनी रात माले आठे राहू द्या."

त्याआधी ती दोनदा माहेरी जाऊन परत पाठवली गेली होती. एकदा पोलिसांकडेही गेली होती. तिथे तिला सांगितलं, नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटवा. त्या रात्री जळगावची शेवटची एसटी केव्हाच गेली होती. आम्ही चौघी दिवा लावून ओट्यावर बसून राहिलो. पहाटे नवरा माणसं घेऊन आला. पोलीस पाटील वेळेवर धावून आले म्हणून निभावलं. सकाळी १८१ या महिलांच्या हेल्पलाइनला फोन केला, तापी ओलांडून तिला जळगावला सखी केंद्रात, म्हणजे छळ सोसलेल्या बायांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात नेलं. आज ती दुसऱ्या गावात मजुरी करते, मुलगी अंगणवाडीत जाते.

देशाने बायांसाठी काय करायचं, यावर भाषणं पुष्कळ होतात. कायदे आपल्याकडे आहेत, आणि चांगले आहेत. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी संसार केलेल्या घरातून बाईला असंच हुसकून देता येत नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. अर्ज दिल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असंही लिहिलेलं आहे. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारी खर्चाने वकील मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा. हे आमच्या कितीतरी बायांना आजही ठाऊक नाही.

पण कायद्यापर्यंत पोहोचायला आधी ती रात्र निघावी लागते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या दर शंभरातल्या एकोणतीस बायांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्या शंभरातल्या चौदाच जणींनी कोणाची तरी मदत मागितली. बाकीच्या का मागत नाहीत, हे आम्हाला त्या रात्री कळलं. मागून जायचं कुठे? आमचं ठाम मत आहे की सखी केंद्र जिल्ह्याला एक असून भागत नाही, ते तालुक्याला हवं, आणि या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसरं कुठलंही काम नको. ही मागणी आम्ही ग्रामसभांतून ठराव करून पाठवत राहू. तोवर निदान रात्र काढायला खोली हवी.

ती आता मिळाली आहे. एका शेतकरी भावाने दोन खोल्या वापरायला दिल्या. कुठे, ते इथे लिहीत नाही, आणि आपणही कोणाला सांगू नये. पत्रे बदलायचे आहेत, दाराला आतून भक्कम कडी बसवायची आहे. सगळ्यात आधी आतच संडास-मोरी बांधायची आहे, कारण रात्री बाहेर जावं लागलं तर त्या खोलीचा उपयोग काय? दोन खाटा, गाद्या, गॅस हवा. जुन्या साड्या लोक मनापासून देतात, पण त्या आमच्याकडे पुरेशा आहेत. आतले नवे कपडे, पॅड, लहान मुलांचे कपडे, दुधाची पावडर, मोबाईलचे चार्जर द्या. अंगावरच्या कपड्यानिशी निघालेल्या बाईला पहिल्या तासात हेच लागतं.

प्रत्येक गावात रात्री फोन आला तर गाडी काढणारा एक तरी भाऊ हवा. डिझेल आमच्या बचत गटांचं मंडळ देईल, सोबत गटाच्या दोघी असतील. महिन्यातून एक दिवस येऊन अर्ज लिहून देणारी वकीलताई मिळाली तर फार मोठं काम होईल. दारू हेच मूळ आहे असं म्हणून बाटली आडवी करायला येणारे भाऊ आम्हाला हवेतच, पण दारू उतरल्यावरही हात उठतो हे आम्ही पाहिलं आहे. त्यांनी या कामातही यावं.

देणगी मंडळाच्या बँक खात्यातच भरावी, पावती मागून घ्यावी. हिशेब दर महिन्याच्या बैठकीत वाचला जातो, कोणीही येऊन ऐकावा. खोलीत आलेल्या बाईचं नाव, फोटो मोठ्यातल्या मोठ्या देणगीदारालाही दाखवला जाणार नाही. तिच्यावर समेटाचा दबावही आम्ही आणत नाही. परत जायचं की नाही, ते तीच ठरवते.

आणि पैसे देणं ज्यांना जमणार नाही, त्यांच्याकडे एकच मागणं आहे. या आखाजीला लेक घरी आली की आईने, वहिनीने तिला एकटीला बाजूला घेऊन विचारावं, "तुला तिथे कोणी मारतं का?" आणि ती हो म्हणाली तर सण संपला म्हणून तिला गाडीत बसवू नये.

मदतीसाठी आपल्या गावातल्या बचत गटाच्या अध्यक्षताईंना भेटा. आखाजीच्या आदल्या रविवारी सकाळी आठला खोल्यांना चुना मारायचा आहे. चुना आणि कुंचे आणून ठेवले आहेत, हात कमी पडतात.

आपल्या,
बचत गटाच्या भगिनी, चोपडा तालुका