दशांशाच्या पुढचे आकडे पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मतदारसंघ फेररचनेच्या बातम्या येतायत, कुणाच्या जागा वाढणार कुणाच्या घटणार, पण मधला हिशोब कुणीच छापत नाही म्हणून हे पत्र. मी अमळनेरचा, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं.

आपल्या खान्देशचंच घ्या. २००८ ची रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. राज्याची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ भागिले २८८ आमदार, म्हणजे एका जागेमागे साधारण ३,३६,३८४ माणसं. त्या हिशोबाने जळगावला १०.९५, धुळ्याला ५.०८, नंदुरबारला ३.९० येतात आणि मिळाल्या ११, ५ आणि ४, छान जमलं. पण राज्याची आणि जिल्ह्यांची, दोन्ही २०११ ची लोकसंख्या घेतली तर येतं १०.८४, ५.२६ आणि ४.२२. नंदुरबारचे ते .२२ म्हणजे ८७ हजारांच्या वर माणसं आहेत हो, अख्ख्या सातपुड्यातले किती पाडे त्यात बसतील! जवळच्या पूर्णांकात ते सोडून द्यायचे आणि जळगावचे .८४ मात्र अख्खी जागा होणार.

मग काही जण म्हणतात पूर्ण आकडा आधी वाटा आणि उरलेल्या जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला द्या. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर याच पद्धतीने आकडे मांडले तर तिथल्या प्रतिनिधिगृहात एकूण जागा २९९ असताना अलाबामा राज्याला ८ मिळत होत्या आणि ३०० केल्या तर ७! जागा वाढली आणि वाटा घटला, कारण मोठ्या राज्यांचे वाटे जास्त सरकले आणि त्यांचे अपूर्णांक अलाबामाच्या पुढे गेले. पुढे १९८२ मध्ये बालिन्स्की आणि यंग या दोन गणितज्ञांनी सिद्धच केलं की प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या लगतच्या पूर्णांकातच ठेवायचं आणि वेगाने वाढणाऱ्याची जागा हळू वाढणाऱ्याकडे कधीच जाऊ द्यायची नाही, या दोन्ही गोष्टी एका पद्धतीत कायम बसत नाहीत.

म्हणजे कुठली पद्धत घ्यायची हा निर्णय माणसांनीच घ्यायचाय, आणि तो नवे आकडे हातात यायच्या आधी घ्यायला पाहिजे, नंतर घेतला तर ज्याला जी फायद्याची तीच तो न्यायाची म्हणणार. साहेब, तुमच्या पेपरात जिल्हावार तक्ता छापा, लोकसंख्या, भागाकार, दशांशासकट, आणि प्रत्येक पद्धतीने किती जागा येतात ते शेजारी. चहाच्या टपरीवर लोक स्वतः भागाकार करून बघतील.

— एक निवृत्त गणित शिक्षक, अमळनेर